आत्याचा हात

८ फेब्रु., शनि.
वाशीला माझ्या नाचाचा शो झाला. लग्नघरी बाया मांडीला मांडी लावून भाकऱ्या थापतात, तेच मी गच्च भरलेल्या शेअर रिक्षात नेऊन बसवलंय. आत्या पहिल्या रांगेत, नवी साडी. मधे पोरींचे हात थरथरतात, तिथे लोक हसले. मग टाळ्या.
ती थरथर आत्याची. ती भाकरी थापताना व्हिडिओ मीच काढलेला, ‘आठवण म्हणून’ सांगून. नाचात घेऊ का, विचारलं नाही. शोनंतर तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

९ फेब्रु.
चहा देताना आत्या म्हणाली, “माजा हात एवरा हलतो गो?”
तिला माहीतच नव्हतं! म्हणजे हलतो हे ठाऊक, पण बाहेरून कसा दिसतो ते...
म्हटलं, छे, स्टेजवर सगळं वाढवून दाखवतात. चक्क खोटं. जरासुद्धा वाढवलेलं नाही.

१२ फेब्रु.
आत्याने पोळ्या केल्या. लाटून. आमच्या घरात तांदळाच्या भाकरीशिवाय जेवण! बाबा ताटाकडे बघत राहिले.
पुण्याहून शोचं बोलावणं आलंय. तो थरथरीचा भाग मात्र हवाच, म्हणे.

१६ फेब्रु., रवि.
नावड्याला चुलतबहिणीची, पिंटीची हळद. भाकऱ्यांना बायांची रांग बसली. दर लग्नात पहिली भाकरी आत्याच थापते. आज म्हणाली कंबर दुखते, आणि रांगेमागे उभी राहिली, हात पदराखाली. कंबर! माझ्यापेक्षा धड आहे तिची.
बायांनी मला ओढून तिच्या जागेवर बसवलं. माझी भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. सगळ्या हसल्या, आत्या सोडून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ फेब्रु.
तालमीत तो थरथरीचा तुकडा काढून टाकला. पोरी नाराज. खरं सांगायचं तर नाचात दमच उरला नाही.
कामोठ्याला घरी आल्या आल्या आत्याला सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, न विचारता घेतलं ते, पुणं. म्हटलं, आत्या, चुकलं माझं, आता ते काढलंय. वाटलं होतं, मोकळं वाटेल. कसलं काय.
ती भांडी पुसत होती. थांबली.
“काढलास? मंग माजा काय रायला त्यात?”
पुण्याला उद्या कळवायचंय. काय कळवू?
जेवायला आजही पोळ्याच.