महिन्याला काय सुटतं

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

दुसरी गाडी! झालं, यांच्या डोक्यात किडा परत वळवळला. जिंतूरचा मुंजाजी, जुन्या ट्रकांचा दलाल, सकाळी चहाला म्हणून आला आणि यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून गेला. "रामकिशनराव, एका गाडीवर कोन मोठं झालंय? दुसरी घ्या. लय कमी चाललेली हाय." मुंजाजीची प्रत्येक गाडी लय कमी चाललेलीच असते!

पैसे कुठून आणायचे? तर म्हणे जिंतूरचा प्लॉट विकू. घर बांधायचं म्हणून दोघांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला प्लॉट! मी विचारलं, आधी सांगा, आहे त्या गाडीला महिन्याला सुटतं काय? "चाळीस-पंचेचाळीस सुटतेत की." कशावरून? "खिशात असतेत की!"

घ्या. खिशावरून हिशेब.

७ फेब्रुवारी

महाशिवरात्रीच्या आत इसार द्यायचाय. तोवर मी गाडीचा हिशेब लावून दाखवणार. हे म्हणाले, "लाव की. बी.कॉम.चा काय तरी उपयोग होऊ दे." मेलं बोलणं!

९ फेब्रुवारी, रविवार

जानेवारी महिना घेतला. टोल मोबाईलवर सापडला, डिझेलच्या पावत्या सीटखाली, आणि एक शेंगदाण्याच्या पुडीला गुंडाळलेली. भाडं आलं दोन लाख दहा हजार. त्यातून डिझेल एक लाख साडेतेरा हजार (बाप रे!), हप्ता बत्तीस, टोल अकरा, दलाली आणि हमाली मिळून आठ. उरले साडेपंचेचाळीस हजार.

हे मिशीत हसले. "म्या काय म्हनलं होतं?"

बरोबर निघालं म्हणून मला इतका राग आला की भाजीत मीठ दोनदा पडलं.

१० फेब्रुवारी

टायर! टायर कुठे धरलेत?

११ फेब्रुवारी, मंगळवार

"टायर काय दर महिन्याला घेताव का आपुन?" — हे. घेत नाही, पण झिजतात तर रोजच ना! दहा टायर, एकेकाची किंमत, किती किलोमीटर चालतात, सगळं यांच्याकडूनच वदवून घेतलं. महिन्याला चौदा हजारांचं रबर रस्त्यावर घासून जातं. विमा, फिटनेस आणि टॅक्स वर्षातून एकदा भरतो म्हणून हे विसरतात. वर्षातून एकदा येणारा पाहुणासुद्धा जेवून जातोच की! त्याचे महिन्याचे सात हजार. ग्रीस, ऑईल, स्प्रिंगच्या पाट्यांचं काम धरून सहा.

उरले साडेअठरा. यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

१४ फेब्रुवारी

बचत गटात बायनाबाईंच्या — म्हणजे आमच्या सासूबाईंच्या — मैत्रिणींनी मला घेरलं. "दुसरी गाडी घेताव म्हनं तुमी?" मी नुसती हसले. नाही म्हणवलं नाही बाई.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज कहरच झाला.

मी विचारलं, दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर कोण? तुम्ही एकटे, दोन स्टिअरिंग कशी धरणार? म्हणाले, ठेवू की एखादा पोरगा. त्याला काय द्यायचं? "अठरा हजार. भत्ता धरून." लिहिलं. आणि एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, मग तुमचा पगार कुठाय?"

"माझा कशाचा? घरच्या मानसाला पगार असतोय व्हय?"

ओसरीवरून सासूबाई ओरडल्या, "असतोय तर मलाबी द्या! रातंदिस गाडीची राखन करायलेय म्या!"

आम्ही पोट धरधरून हसलो. हसत हसतच मी साडेअठरातून अठरा वजा केले.

पाचशे.

म्हणजे गाडी महिनाभर पळून स्वतःची म्हणून कमावते फक्त पाचशे रुपये! बाकीचे यांनी पाठ मोडून गाडी हाकल्याचे. यांना मी तसंच समजावलं. दुसऱ्या गाडीवर तर पहिल्या दिवसापासून पगारी माणूस, मग तिलाही एवढेच सुटणार, त्यासाठी प्लॉट घालवायचा का? हे कागदाकडे बघत बसले. सासूबाई आत आल्या, "पाचशे? त्याच्यापरीस माजी शेळी बरी. दूध तरी देती."

२० फेब्रुवारी

हे ऊस घेऊन गंगाखेडला, कारखान्यावर रांगेत. दुपारी फोन आला. वाटलं, डबा विसरला असेल. तर म्हणाले, "राजेश्री, ड्रायव्हरच्या पगारानंतरचा आकडा परत सांग बरं." मी ऐटीत सांगितला. बरोबर कोणी तरी होतं, त्यालाही सांगितला यांनी. बायकोचं कौतुक करायला लागले म्हणायचे!

२३ फेब्रुवारी, रविवार

जिंकले! मुंजाजी इसार न्यायला आला होता, यांनी सरळ नाही सांगितलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. चहासुद्धा अर्धा टाकून गेला. प्लॉट वाचला! धपाटे केले, वर घट्ट दही. यांनी पाच खाल्ले. इतके मोकळे कितीतरी दिवसांनी दिसले. घराचा नकाशासुद्धा काढायला बसलो आम्ही. स्वयंपाकघर पूर्वेला, हे माझं. पडवी मोठी, हे सासूबाईंचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी विकली. दुसरी नव्हे, आमचीच.

गंगाखेडच्या सीतारामशेटनी घेतली, उरलेल्या हप्त्यांसकट. तेच होते त्या दिवशी फोनवर बरोबर. यांना त्याच गाडीवर ड्रायव्हर ठेवलंय, महिना वीस हजार, टायर फुटला तर शेटचा. "तुझाच हिशेब हाय," हे हसत हसत म्हणाले, "आता डोस्क्याला ताप न्हाई." जेवले आणि आडवे पडल्या पडल्या घोरायला लागले.

रडू मला आलं. यांना फक्त गाडी चालवायची हौस होती. मालकीण म्हणून मिरवायची हौस माझी होती.