पाण्यावरच्या बाटल्या

रविवार, संध्याकाळ

परंड्याजवळच्या धरणात आज भाड्याची मोटरबोट मीच चालवली. पाण्यावर रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. लोक किती घाण करतात, असं म्हणत त्या गोळा करायला बोट थेट त्यांच्यात घातली. एक बाटली ओढून काढली, तर खाली जाळं होतं! बाटल्या त्याच्याच खुणेच्या. जाळं पंख्यात गुंतलं, बोट अडकली.

जाळ्याचे मालक, एक म्हातारे मच्छीमार, होडी वल्हवत आले. आता शिव्या खाव्या लागणार! मी घाईनं पंख्याकडं हात नेला.

"हात मागं घ्या, साहेब. जाळं काय, परत इणता येतंय. बाटल्या दिसल्या की लांबनं जायाचं."

चाकूनं स्वतःचंच जाळं कापून त्यांनी मला सोडवलं. माझ्या हातातली बाटली घेऊन परत दोरीला बांधली. ती मी कशाला उचलली होती, हे मात्र विचारलं नाही. केवढे उपकार!