शनिवारचा उबारा

हेग्डाल, नॉर्थ डाकोटा
रविवार, ११ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं (तापमान एकेचाळीस)

तीर्थरूप लव्होनताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (बाहेर घोट्याएवढा चिखल असल्यामुळे कागदावरच घातला आहे, मान्य करून घे). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं गोल्फ कसं चाललंय? तुमच्या ॲरिझोनात रोज तेच ऊन, तेच निळं आकाश. माणूस सकाळी उठून बोलतो तरी कशाबद्दल, हे मला कोडंच आहे. इकडे सर्व क्षेम. माझं नाक मात्र काल संध्याकाळपासून वाहतंय. त्याचं कारण पुढे ओघाने येईल.

तू सिग्नेच्या लग्नाला आली नाहीस याचा मला राग नाही. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या बाईने ऑक्टोबरात इकडे येऊ नये, हे मीच तुला कळवलं होतं. पण ऑर्लोने (हो, तोच, लहानपणी ज्याने तुझ्या वेणीला बेडूक बांधला होता, आणि जो आता बीट केंद्रावर मुकादम आहे) तुला फोन करून काहीबाही सांगितल्याचं कानावर आलं. म्हणून खरा वृत्तान्त, तारीखवार, आकड्यांसह, मीच लिहून पाठवतो आहे.

तू इथून जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा विसरली असशील म्हणून सांगतो: एक ऑक्टोबरपासून आपल्याकडे कुणी लग्न करत नाही. बाळंतपणंसुद्धा शक्यतो टाळतात. साखर कारखान्यासाठी रानातलं बीट काढून केंद्रावर त्याचे डोंगर रचायचे, आणि हवा थंड व कोरडी आहे तोवर ट्रक रात्रंदिवस पळवत राहायचे. शाळेचा हेडमास्तर ट्रक चालवतो, दाताचा डॉक्टर चालवतो, आपल्या पास्टर जॅनेलबाईही चालवतात. काम थांबतं ते तीनच कारणांनी: चिखल झाला, जमीन गोठली किंवा हवा तापली. तापलेलं बीट ढिगात घातलं तर डोंगर आतून कुजतो, म्हणून गरमी झाली की केंद्र बंद आणि सगळा तालुका मोकळा. हे नीट लक्षात ठेव, सगळी मेख इथे आहे.

गेल्या जानेवारीत सिग्ने मला म्हणाली, "बाबा, झाडं पिवळी असतानाच लग्न करायचंय. तुमची वही काय म्हणते?" ताई, माणसाच्या आयुष्यात असा प्रश्न एकदाच येतो. तेवीस वर्षं मी रोज दुपारी तीन वाजता तापमान लिहितो आहे. एक दिवस चुकलेला नाही; अपेंडिक्सच्या वेळीही तुझी भावजय आर्डिस हिच्याकडून लिहवून घेतलं आणि घरी आल्यावर तिचं अक्षर गिरवून सुधारलं. मी कॉलेजात गेलो नाही हे खरं, पण तापमापी कुठे लावायची यावर मी चार दिवस विचार केला होता: उत्तरेची भिंत, जमिनीपासून पाच फूट, वर पत्र्याचं छप्पर, ऊन कधीच नाही. (त्याच भिंतीला आर्डिसच्या कपड्यांच्या ड्रायरचं भोकही मी स्वतःच पाडलं, मिस्त्री न बोलावता. आजवर पाणी आत आलेलं नाही.) तर त्या वह्या मी तीन आठवडे चाळल्या आणि मला शोध लागला. आपल्या भागात शनिवार हा शुक्रवारपेक्षा आणि रविवारपेक्षाही गरम असतो! एकदोनदा नव्हे, वर्षानुवर्षं! सरासरी तेवीस अंशांनी! मी याला 'शनिवारचा उबारा' असं नाव दिलं आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला लेख धाडला. त्यांनी तो छापला नाही, यावरून साप्ताहिकाची पातळी कळते. (अंश अर्थात आपलेच, बत्तिसाला पाणी गोठतं ते. तुझ्या कॅनडियन जावयाला त्याच्या हिशेबाने हवे असतील तर त्याने स्वतः काढावेत.)

तेव्हा मी सिग्नेला शब्द दिला: ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, दुपारी चार, आपलं अंगण. त्या दिवशी हवा तापणार, केंद्र बंद राहणार आणि सगळं गाव अंगणात हजर. तिचा नवरा कोल्बी हा बापाचा एकुलता एक मुलगा, बिटाचा एक ट्रक त्याच्याच हाती. केंद्र चालू असलं तर तो स्वतःच्या लग्नालाही येऊ शकणार नव्हता, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी शब्द दिला. ऑर्लो कॉफीच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला, "व्हर्लिन, नवरदेवाशिवाय लग्न लावायची काही नवीन पद्धत तुझ्या वहीत आहे का रे?" मी नुसता कप उपडा ठेवला.

आता आठवडा. रविवारी चौथ्या तारखेला एकोणऐंशी अंश! माशा, घाम, आर्डिस अर्ध्या चड्डीत. मी आणि कोल्बीने अंगणात पांढरा मांडव ठोकला, अठ्ठेचाळीस खुंट्या, प्रत्येक दोन फूट खोल. केंद्र गरमीने बंद. मी कॉफीला मुद्दाम शर्टाच्या बाह्या वर सारून गेलो. सोमवारी वारा सुटला. साधा वारा नव्हे, आपला वारा. मी घरात बसून वेग टिपत असताना (ताशी एकावन्न मैल) मांडव खिडकीसमोरून पूर्वेकडे गेला. घाईत नव्हता. सगळ्या खुंट्या बरोबर घेऊन, आतल्या टेबलपोशांसकट गेला. तासाभराने ऑर्लोचा फोन: "व्हर्लिन, तुझा मांडव आमच्याकडे जेवायला आलाय. बसवून घेऊ की परत पाठवू?" सव्वातीन मैल, गाडीच्या आकड्यावर मोजून खात्री केली. मंगळवारी पाऊस, एक इंच अठरा शतांश, आणि मांडव ऑर्लोच्या नांगरटीत रुतलेला. आम्ही चौघांनी ओढला, तर माझा डावा बूट जमिनीने ठेवून घेतला तो घेतलाच. बुधवारी बर्फ! सव्वाचार इंच! आर्डिसच्या शेवंतीच्या कुंड्या पांढऱ्या टोप्या घालून उभ्या. मी अंगणात फावडं मारत असताना सिग्ने दारात येऊन हसत सुटली. मी म्हटलं, "हसतेस काय? शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत." ती म्हणाली, "हो बाबा, तेच ना!" आणि पुन्हा हसली. गुरुवारी दुपारपर्यंत बर्फ वितळलं, धुकं पडलं, आणि त्या धुक्यातून (तुला खोटं वाटेल, पण माझ्या वहीत एक चिकटवून ठेवला आहे) डास आले. एकाच दिवशी मी कानटोपी घालून डास मारले. शुक्रवारी उत्तरेचा कोरडा वारा, जमीन आवळली, आणि रेडिओवर त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईने सांगितलं: सर्व केंद्रं शनिवारी सकाळी आठपासून सुरू.

ताई, मी रात्री दोन घास कमीच खाल्ले, पण डगमगलो नाही. शनिवार अजून उगवायचा होता.

शनिवारी सकाळी अंगणात एकशेचाळीस खुर्च्या मांडल्या. साडेदोनला त्यांतल्या दोन भरल्या होत्या. एकीवर आर्डिसची आत्या (वय शहाण्णव, ट्रक चालवत नाही म्हणून मोकळी) आणि दुसरीवर कुत्रा. रस्त्यावरून बिटाने भरलेले ट्रक एकामागून एक चाललेले, प्रत्येकातला पाहुणा मला हात करून पुढे जातोय. आर्डिस सकाळपासून चिखलाचे टेबलपोश धुऊन वाळवण्यात गुंतलेली. मी घड्याळ लावून ठीक तीन वाजता तापमापीसमोर उभा राहिलो.

एकाहत्तर!

मी चष्मा पुसला. एकाहत्तर! माझ्या तोंडातून वाफ निघत होती, कुत्र्याच्या पाण्यावर साय धरल्यासारखं बर्फ होतं, हे मी नाकारत नाही. पण शास्त्र मानणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडावर विश्वास ठेवायचा की यंत्रावर? मी ताबडतोब कोट काढला. तेवढ्यात सिग्ने आली: आईचा पांढरा झगा, आणि खाली गुडघ्यापर्यंतचे आत लोकर लावलेले रबरी बूट. "बाबा, गाडी काढा. लग्न बीट केंद्रावर, वजनकाट्याशी आहे." मी म्हटलं, "वेडी आहेस का? हवा एकाहत्तर झालीये, आता केंद्र बंद करतील, सगळे इकडेच येतील." ती म्हणाली, "मग चला की, ऑर्लोकाकांना तुम्हीच सांगा." मी, आर्डिस, आत्या, कुत्रा आणि केक असे गाडीत बसून चार मैल गेलो. गाडीतही मी कोट घातला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

केंद्रावर एकतीस ट्रकांची रांग. नारिंगी जाकिटातल्या ऑर्लोला मी वही दाखवली आणि नियमाप्रमाणे केंद्र बंद करायची मागणी केली. त्याने माझ्या शर्टाकडे पाहिलं, एक बीट उचललं, त्यात सळईची तापमापी खुपसली आणि माझ्यासमोर धरली. एकेचाळीस. "बिटाला समजावून सांग बाबा," तो म्हणाला, "माझं ते ऐकत नाही." रांगेतले सगळे खिडकीतून डोकी काढून ऐकत होते. माझे दात वाजत होते, पण मी ते ओठांनी झाकून ठेवले.

आणि मग, ताई, मी रांगेकडे नीट पाहिलं. नवव्या ट्रकात कोल्बी, गळ्यात टाय. चौदाव्यात पास्टर जॅनेलबाई. अठराव्यात कोल्बीचे आईबाप. विसाव्यात हेडमास्तर, बाविसाव्यात दाताचा डॉक्टर. माझे एकशेचाळीसच्या एकशेचाळीस नसतील, पण एकशेचार पाहुणे (एकेका ट्रकात तिघंचौघं, दाटीवाटीने) मी मोजले, आणि सगळे अगोदरच ओळीत बसलेले! पास्टरबाई ट्रकातून उतरल्या, डांगरीवरच पांढरा झगा चढवला. सिग्ने कोल्बीच्या ट्रकाच्या पायरीवर चढली. ऑर्लोने बीट रचायचं यंत्र थांबवलं. ते यंत्र साखळी तुटल्याखेरीज कधी थांबत नाही, तो माणूस ते माझ्या मुलीसाठी चार मिनिटं दहा सेकंद थांबवून टोपी काढून उभा राहिला. (हे मी ऑर्लोबद्दल एकदाच लिहितो आहे. दाखवू नकोस.) सिग्ने "हो" म्हणाली आणि एकतीस ट्रकांनी एकदम भोंगे वाजवले. आत्याने विचारलं, "सायरन का वाजतोय, वादळ आलं का?" मी म्हटलं, "नाही आत्याबाई, जावई आला." वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा वायव्येचा, ताशी बारा मैल.

एक तपशील राहिला. ट्रकाचं भरलेला असताना आणि रिकामा झाल्यावर असं दोनदा वजन करतात, मधला फरक ते बीट. सिग्ने भरल्या ट्रकात बसून काट्यावर गेली आणि रिकामा व्हायच्या आत उतरली. म्हणजे बूट आणि फुलं धरून एकशे एकावन्न पौंड सिग्ने व्याह्यांच्या नावावर बीट म्हणून चढली. मी काट्यावरच्या बाईला ते दुरुस्त करायला सांगितलं, तर ती म्हणाली, "राहू दे रे व्हर्लिन, तशीही आता ती त्यांचीच." मी वहीत नोंद केली आहे.

असो. एकूण पाहता सिद्धांताला धक्का लागलेला नाही. आमच्या अंगणात शनिवार गरमच होता. उरलेला तालुका का थंड राहिला, याचा शोध मी घेतो आहे. दाजींना नमस्कार. गुडघा वर उचलून ठेवत जा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
व्हर्लिन

ता. क. केकचा तुकडा वेगळा पाठवत आहे. त्यावर बिटाची माती आहे, ती खरवडून खाणे.

ता. क. दुसरा. वडिलांच्या कोठारावरची ती पत्र्याची तापमापी, कोंबड्याचं चित्र असलेली, तू ॲरिझोनाला नेलीस. त्या वेळी मी "गंजका पत्रा, ने तुला हवा तर" असं म्हणालो होतो, आणि नंतर चार वर्षं तुला पत्र लिहिलं नाही. ती अजून असेल तर आठपंधरा दिवसांसाठी पाठवशील का? शंका वगैरे काही नाही. माझी तापमापी एकटी आहे, तिला सोबत हवी इतकंच.

ता. क. तिसरा, आर्डिसच्या हातचा. वन्सं, हे पाकीट आणायला आत गेलेत म्हणून घाईत लिहिते. ती तापमापी पाठवू नका. ह्यांची अगदी बरोबर चालते. फक्त ती ड्रायरच्या गरम हवेच्या भोकाशेजारी टांगलेली आहे, आणि मी शनिवारी दुपारी चादरी वाळवते. मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. सिग्नेला जानेवारीतच सांगितलं होतं. ती म्हणाली, राहू दे आई, पाहुणे जिथे असतील तिथे लग्न करू, आणि ऑगस्टात बूट घेऊन आली. पास्टरबाई आणि ऑर्लोभावजींनाही तिनेच आधी विचारून ठेवलं होतं. ह्यांना सांगायचं मनात बरेचदा येतं. पण शनिवारी तीन वाजता हे आत येतात ते "आजही बरोबर निघालं!" म्हणत इतके खुशीत, की आपणहून चादरीचं दुसरं टोक धरून माझ्याबरोबर घड्या घालतात. बाकी सहा वारांत कधी घालत नाहीत.