नार्सिसाच्या झग्याची उंची

मी, सोइला मेर्सेदेस कारियोन, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार सांता रुफिना, प्रांत आसुआय, इक्वेडोर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. लिहिण्यासाठी कोणी भरीस घातलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र पुष्कळांनी समजावले.

१. चौकाजवळचे माझे राहते घर, खालच्या दुकानासह, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत नार्सिसा तेनेसाका हिला द्यावी. ती माझी नातेवाईक नाही. पंधराव्या वर्षी ती माझ्याकडे शिवण शिकायला आली. सतराव्या वर्षी, १९९१ च्या जूनमध्ये, भर दुपारी, मी बाजारात गेले असता माझा धाकटा भाऊ एर्मोहेनेस याने दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्यावर बलात्कार केला. हा शब्द मी सत्तावीस वर्षे वापरला नाही. गावात त्याला ‘ती भानगड’ म्हणतात.

२. शिवणयंत्र आणि कात्र्याही तिलाच. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तिला कधी सांगितले नाही.

३. एर्मोहेनेसला काहीही देऊ नये. कारण लिहायची गरज नाही असे वकील म्हणतात, मला आहे. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे जेवायला आला. उकडलेला मका आणि अंडी खाता खाता म्हणाला, “नको नको म्हणत होती गं. पण असला झगा घालून कोणी नको म्हणतं का, ताई?” मी त्याला आणखी वाढले.

पुढे तो सगळा दोष दारूवर ढकलू लागला. तो बस चालवायचा; त्या दुपारनंतर त्याच संध्याकाळी त्याने अठरा उतारू घेऊन बस घाटातून क्वेन्काला नेली. कुठे ओरखडा नाही. दारू चढली ती फक्त माझ्या मागच्या खोलीत.

४. भावावर खटला चालला तेव्हा कोर्टात मी एक शब्दही खोटा बोलले नाही, असे मी वर्षानुवर्षे स्वतःला बजावत आले. त्याच्या वकिलाने विचारले, झगा आखूड करायला कोणी सांगितले? नार्सिसाने. किती आखूड? गुडघ्याच्या वर चार बोटे. ती एर्मोहेनेसशी हसून बोलायची का? बोलायची. दुसऱ्या दिवशी कामावर आली का? आली, चार शर्टांना बटणे लावली. ते शर्ट मी सोबत नेले होते. वकिलाने त्यातला एक उंच धरला आणि म्हणाला, “जिच्यावर असं काही गुदरलंय, तिचा टाका इतका सरळ येईल का?”

टाका सरळ आला कारण मी तसा शिकवला होता. ती कामावर आली कारण घरी आईला काय सांगावे ते तिला सुचत नव्हते. हे मला कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. भाऊ जेवताना काय बोलला तेही नाही. तो सुटला. नार्सिसा गाव सोडून गेली.

त्या वर्षी जत्रेसाठी मी तसलेच अकरा झगे शिवले होते. बाकीच्या दहा जणींना काही झाले नाही, कारण त्या माझ्या भावाच्या तावडीत सापडल्या नाहीत. हा हिशेब मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही करता आला असता.

५. वेदीसाठी विणलेले लेसचे वस्त्र मी चर्चला देणार होते. देऊ नये. भाऊ सुटल्यानंतरच्या रविवारी फादरनी मुलींच्या मर्यादेवर प्रवचन दिले, आणि एर्मोहेनेस पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होता.

६. शिलकीतून माझी मूठमाती करावी. बँड नको. एर्मोहेनेसने खांदा देऊ नये.

७. गेल्या वर्षी मी क्वेन्काला नार्सिसाच्या दुकानात गेले आणि हे सगळे बोलले. तिने मला बसायला सांगितले नाही. म्हणाली, “बाई, हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा.” तिने घर नाकारले तर तो तिचा हक्क आहे, तिला कोणी गळ घालू नये, माझ्यासाठी क्षमा तर मुळीच मागू नये. मेल्यावर खरे बोलणे फार स्वस्त पडते. म्हणून या लेखाची एक प्रत मी सोमवारी स्वतः सरकारी वकिलाकडे देणार आहे. खटला पुन्हा उघडायची मुदत टळली असे सांगतात. त्यांनी तसे कागदावर लिहून द्यावे.

८. दुसरा साक्षीदार मिळेना. शेजारपाजारचे दोघे कबूल होऊन फिरले. आज एर्मोहेनेसची बायको लुसमिला आली. मला वाटले, भांडायला आली. तिने सगळे वाचून दाखवायला लावले, तिसरे कलम दोनदा. मग म्हणाली, “वन्सं, त्या पोरीनंच माझ्या नवऱ्याला नादी लावलं, असं मी तेव्हा गावभर सांगत फिरले. कुठं सही करू?”

घरी गेल्यावर काय होईल, हे मी तिला विचारले. तिने पेन मागितले.

लिहून देणार: सोइला मेर्सेदेस कारियोन (सही)

साक्षीदार:
१. रोसेंदो गियेन, चांभार (सही)
२. लुसमिला आरेवालो, एर्मोहेनेस कारियोनची पत्नी. सर्व ऐकून, समजून (सही)

सांता रुफिना, दिनांक १८ मे २०१८