दोनशे सतरावी शीट

सोमवार, १२ जानेवारी

आजपासून मोबाइल दारातल्या डब्यात. मशीन हॉलला दोन कुलुपं लागली — एकाची किल्ली प्रेसकडे, दुसरीची त्या देशाच्या निवडणूक आयोगाकडे. देशाचं नाव इथेही लिहीत नाही, सही करून बसले आहे. आफ्रिकेतला आहे, एवढं पुरे. मार्चमध्ये त्यांची निवडणूक, आणि मतपत्रिका छापतोय आम्ही — दुबईच्या रास अल खोरमध्ये, एका बाजूला टायरचं गोडाउन, दुसऱ्या बाजूला कांद्याचं.

नियमांची यादी रोनितने वाचून दाखवली. रोनित म्हणजे आमचा मॅनेजर, बत्तीस वर्षांचा, दुबईतच वाढलेला. "नो शीट क्रॉसेस द यलो लाइन, ओके? वाया गेलेली पण नाही. यल्ला, कामाला लागा." मतदार जितके, तितक्या मतपत्रिका, वर फक्त शेकडा एक. रंग जुळेपर्यंत ज्या शीट वाया जातात त्यासुद्धा मोजून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या आणि शेवटी सगळ्यांच्या देखत कापून टाकायच्या. छपाईच्या प्लेटाही फोडायच्या. मग सह्या, मग विमान. एक जरी सही राहिली तरी माल इथेच.

क्वालिटीची जबाबदारी माझी. बावीस वर्षं रंग बघतेय, मला कोणी शिकवू नये.

मंगळवार, १३ जानेवारी

दोन पक्षांचे दोन निरीक्षक आलेत. दिवसभर खुर्चीवर बसून मशीनपेक्षा एकमेकांकडे जास्त बघतात. त्यांच्या पक्षांच्या रंगांवरून मी त्यांना हिरवा आणि निळा म्हणते. मनातल्या मनात.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. डब्यात तिळगूळ नेला होता. हिरव्याला दिला, निळ्याला दिला, सांगितलं — हे खाऊन गोड बोलायचं असतं. निळा म्हणाला, "विरोधी पक्षाशीसुद्धा?" पहिल्यांदा दोघं एकत्र हसले.

किनाऱ्याकडच्या मतदारसंघाचा हिरवा रंग मात्र पिवळट येत होता. लाइट बॉक्समध्ये बरा दिसतो, पण मला त्या दिव्यांचा भरवसा नाही. रंग उन्हात बघायचा, हे मी कोल्हापुरात पहिल्या नोकरीत शिकले. शीट घेऊन लोडिंगच्या शटरपाशी गेले, तिथे ऊन येतं. पिवळटच! प्रल्हादकाकांना हात करून सांगितलं, त्यांनी शाई सुधारली. काका आमचे सर्वांत जुने मशीनमन, साठीला आलेले. माझ्या डोळ्यावर विश्वास असलेला हा एकच माणूस.

तेवढ्यात रिसेप्शनवरून निरोप — लेकीच्या, दियाच्या शाळेचा फोन. प्रीबोर्डच्या पेपरात चक्कर आली म्हणे. धावत सुटले. काही नव्हतं, सकाळी न खाता गेली होती. बारावीचं वर्ष, आणि घरात मी एकटीच कमावती. एप्रिलपासून नवऱ्याला, परेशला नोकरी नाही, तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर. पोरीने चक्कर येऊन पडायचं तरी कधी, हेही आम्ही सोयीने ठरवावं अशी वेळ आहे.

शनिवार, १७ जानेवारी

नबिलाला मीना बाजारात नेलं. आयोगाची अधिकारी ती, पण कापड घेताना अगदी आपल्यासारखी — चार दुकानं पालथी घालून पहिल्याच दुकानात परत. नंतर अब्रात, खाडीतल्या होडीत, बसून पलीकडे गेलो, उगाचच, वारा खायला.

मी विचारलं, एवढे नियम कशाला? वाया गेलेल्या कागदाला कोण विचारतं? ती पाण्याकडे बघत सांगायला लागली. मागच्या निवडणुकीत एका गावात पेटीत मतं जास्त निघाली. पंधरा-वीसच. मोजणाऱ्याची चूक होती की खरंच कोणी घातली, ते आजपर्यंत कळलेलं नाही. लोकांनी ज्या शाळेत केंद्र होतं ती शाळा पेटवली. केंद्रावरचा अधिकारी तिचा सख्खा भाऊ. "वाचला. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही," म्हणाली. "आमच्याकडे आकडा जुळला नाही की लोक कारण विचारत नाहीत."

मग तिने विचारलं, तू शेवटचं मत कधी दिलंस? आठवेना. मत द्यायचं तर गावी जावं लागतं, आणि रजा मिळते ती लग्नकार्याला.

मंगळवार, २० जानेवारी

छपाई संपली. खलास. पाठ मोडली आहे.

बुधवार, २१ जानेवारी

वाया शीट मोजायला घेतल्या. किनाऱ्याकडच्या मतदारसंघाच्या दोनशे सतरा हव्यात — मशीनचा काउंटर तसं सांगतो. पिंजऱ्यात दोनशे सोळा. चार वेळा मोजल्या. एका शीटवर आठ मतपत्रिका. आठ!

हिरव्याने पेनला टोपण घातलं. निळ्याने खुर्ची उचलून दूर नेली. नबिलाचा चेहरा मला बघवला नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

कॅमेऱ्यात भिवा सापडला. कटिंगवरचा आमचा भिवा, राजापूरकडचा, चाळिशीचा. चौदा तारखेला कसला तरी कागद घडी करून शर्टात घालताना दिसतो. तो म्हणतो, पुठ्ठ्यावरचं वेष्टन होतं, चपात्या गुंडाळायला. आता ते वेष्टन कुठून आणणार?

रोनित म्हणाला, "लुक, कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल. व्हिसा कॅन्सल, पहिल्या फ्लाइटने घरी." भिवा माझ्यापुढे हात जोडून उभा. "मॅडम, तुम्ही तरी सांगा त्यांना. मी कागद चोरून काय करू? मला वाचायला तरी येतंय का त्यांचं?" मी सांगितलं रोनितला. पण जोर नव्हता माझ्या बोलण्यात. खरं तर मलाही शंका आली होती त्याची. लिहायला लाज वाटतेय.

प्रल्हादकाका सारा दिवस मशीनच पुसत होते. भिवा त्यांच्याच खोलीत राहतो.

शुक्रवार, २३ जानेवारी

सापडली!

सकाळपासून सगळे हॉल पालथा घालत होते. साडेबाराला बरेचजण नमाजाला गेले, निळा जेवायला गेला, मी नबिलाबरोबर ऑफिसात कागद तपासत होते. अडीचला पुन्हा शोधायला सुरुवात केली आणि सफाईवाल्याला मशीनमागच्या तेलाच्या ट्रेखाली मिळाली. मीच हातात घेऊन तपासली. बरोबर मतदारसंघ, बरोबर आठ मतपत्रिका, हिरवा अगदी सुरेख. दोनशे सतरा! सगळ्या वाया शीट कापल्या, प्लेटा फोडल्या, सह्या झाल्या. गुरुवारी विमान.

भिवाला काका घेऊन गेले. जाताना भिवा माझ्या पाया पडायला लागला, मी पाय मागे घेतले. कशाला पडतोय, मी काय केलं त्याच्यासाठी?

शनिवार, २४ जानेवारी

दियाला प्रोजेक्टसाठी पाठकोरे कागद हवे होते. रद्द झालेल्या कॅलेंडरच्या शीट मी घरी आणते, जुनी सवय. कापडी पिशवीतली गुंडाळी सोडली. कॅलेंडरची तीन पानं, आणि त्यांच्या आत ती. किनाऱ्याकडचा मतदारसंघ. पिवळट हिरवा.

सगळं आठवलं. शटरपाशी शीट हातात, शाळेचा निरोप, काचेच्या केबिनमध्ये धावत जाऊन पिशवी उचलली, टेबलावरच्या कॅलेंडरच्या शीटबरोबर हातातलंही गुंडाळून आत कोंबलं; तिथे कॅमेरा नाही. दारात सगळ्यांच्या पिशव्या तपासतात. माझी नाही. "जाइये मॅडम."

म्हणजे भिवाला चोर ठरवत होते तेव्हा चोर मी होते. दहा दिवस दारामागच्या खिळ्याला टांगून.

रविवार, २५ जानेवारी

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं.

हरवली होती एकच शीट. ती माझ्याकडे आहे. मग शुक्रवारी सापडली ती कुठली? आणि तिचा हिरवा सुरेख कसा? वाया गेलेल्या शीट रंग जुळायच्या आधीच्या, त्यांचा हिरवा पिवळट असायला हवा. मीच हातात धरली, मीच बरोबर म्हणाले! बावीस वर्षांचा डोळा, आणि सुटकेच्या आनंदात आंधळा झाला.

ती नवीन छापली आहे. शुक्रवारी दुपारी, हॉल उघडा होता आणि प्लेटा फोडायच्या बाकी होत्या तेव्हा. काउंटर बंद ठेवून.

रोनितनेच छापून घेतली असणार. वेळेत माल गेला नाही तर त्याची मान जाणार होती. आणि एक छापता येते तर हजार छापता येतात. छापल्या नसतील कशावरून? नबिलाच्या भावाचा हात डोळ्यांपुढून हलत नाही.

सांगायचं तर आधी माझी चोरी सांगायला हवी. पुरावा आहे तो हाच, माझ्या पिशवीतला.

परेशला सांगितलं. तो म्हणाला, "फाडून टाक. आत्ताच्या आत्ता. आपल्याला काय करायचंय त्यांच्या इलेक्शनचं?" चिडला नाही, घाबरला होता. पोलीस केस झाली तर? दियाची परीक्षा तीन आठवड्यांवर. दिया दारात उभी राहून ऐकत होती हे दोघांनाही कळलं नाही. "जस्ट टेल देम, आई. यू डिडन्ट डू इट ऑन पर्पज," म्हणाली आणि अभ्यासाला गेली. सतरा वर्षांची आहे. तिला वाटतं चूक सांगितली की चूक संपते.

सोमवार, २६ जानेवारी

काकांना एकटं गाठलं. विचारलं, काउंटर बंद ठेवून मशीन चालतं का?

फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "कुंदाताई, आकडा जुळला ना? भिवा सुटला ना? मग आता कोळसा उगाळू नका."

रोनितने त्यांनाही दमात घेतलेलं दिसतंय. पुढच्या वर्षी रिटायर होऊन गावी जायचं त्यांचं ठरलंय, कशाला तोंड उघडतील? मी रागावले, म्हटलं, तुम्हीसुद्धा असं बोलता? ते खाली बघून म्हणाले, "पोरगी कशी आहे? खाऊन जाते ना आता?" विषय बदलायचा म्हणून काहीतरी. मी उत्तर न देता निघून आले.

कारलिफ्टने, सामायिक भाड्याच्या गाडीने, अल बर्शाला निघाले. शीट फाडायची की नाही, हेच चाललं होतं डोक्यात. घरी येऊन खरंच हातात घेतली. एका कोपऱ्यापासून फाडायची म्हणून धरली. मतपत्रिकेवरच्या उमेदवारांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक म्हातारी बाई आहे, अपक्ष, डोक्याला फडकं बांधलेली. फोटो काढायची सवय नसावी, बिचकून बघतेय. नाही फाडवली.

मंगळवार, २७ जानेवारी

दिलं.

नबिलाच्या हॉटेलवर गेले. शीट टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं — ऊन, पिशवी, कॅलेंडर, सुरेख हिरवा. वाटलं होतं ओरडेल. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि कागद-पेन दिलं. "लिहून दे. स्वतःचं नाव वर घाल."

घातलं. मग तिने विचारलं, दुसरी शीट कोणी छापली असं तुला वाटतं? मी म्हटलं, रोनित. खात्री आहे? म्हटलं, दुसरं कोण? तेही लिहिलं. आणि काउंटर बंद करता येतो हे प्रल्हादकाकांना माहीत आहे, त्यांना विचारा — हेही लिहिलं. साक्षीदार म्हणून.

विमान रद्द. तो मतदारसंघ दुसऱ्या प्रेसमध्ये पुन्हा छापणार, बाकीचा सगळा माल पुन्हा मोजणार. निवडणूक तारखेलाच होईल, म्हणाली, आम्ही रात्रीचा दिवस करू. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुझी नोकरी जाईल," म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे.

घरी आले. परेश दियाच्या शेजारी बसून राहिला. जेवले. दोन घास जास्तच जेवले. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

गुरुवार, २९ जानेवारी

भिवाचा फोन. पुन्हा केलेल्या मोजणीत एकही शीट जास्त निघाली नाही. काल रोनितला चौकशीला बसवलं, तर प्रल्हादकाका आपणहून आत गेले. मी छापली, म्हणाले, एकच, कोणी सांगितलं नव्हतं. काउंटरही मीच बंद केला. त्यांना कंपनीच्या गाडीतून पोलिसांकडे नेलं.

मी विचारलं, का केलं असं त्यांनी? भिवासाठी?

"माझ्यासाठी पण," भिवा म्हणाला. "पण मॅडम, तुम्ही शीट पिशवीत टाकलीत ते काकांनी त्या दिवशीच बघितलं होतं. मला शुक्रवारी सुटल्यावर खोलीवर सांगितलं आणि शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही, बाईंची पोरगी बारावीला आहे." मग म्हणाला, "आम्हाला वाटलं, काकांनी दुसरी कोणासाठी छापली ते तुम्हाला माहीत आहे."