गोगलगायींची टाकी आणि बाहेरचं कुलूप

४ नोव्हें.
चिरंजीव वि. ऑफिसला, सूनबाई म. तिच्या शाळेवर. बाहेरून कडी, मग कुलूप, मग एकदा ओढून बघणं. कुलपापेक्षा त्या ओढून बघण्याचा राग जास्त येतो.
गोगलगायींना काकडी टाकली. पिवळी मोठी लगेच आली, लहान दोघी निवांत. टाकी नातीची. ती शिकायला संभाजीनगरला गेली, मासे मेले, गोगलगायी उरल्या. त्यांना सांभाळायला मी उरलो.

६ नोव्हें.
पिवळीने अंडी घातली. पाण्याच्या वर, काचेला चिकटलेला गुलाबी घोस, करंगळीएवढा. म. फडकं घेऊन निघालीच होती, "बाबा, ही काय घाण लागली?" वेळेवर अडवली.
नातीला फोन. म्हणाली, भिजू द्यायची नाहीत, वाळूही द्यायची नाहीत, पाणी चार बोटं खाली ठेवा. "आणि आजोबा, झाकण लावा. न्हाईतर पिल्लांची आई बाहेर चालू लागते."
झाकण लावलं. वर वीट ठेवली. कुणी काही म्हणू नये, मलाही कळतं.

९ नोव्हें.
शेखभाई जिना चढून गॅलरीतल्या खिडकीशी आला. मी एस.टी.त कंडक्टर, तो नोकरीभर माझ्या गाडीचा ड्रायव्हर. गजातून हात मिळवला.
"मास्तर, सगळं स्टँड अजून हसून राह्यलंय."
हसू दे. झालं ते एवढंच. गेल्या महिन्यात स्टँडवर चहाला गेलो. घनसावंगीची गाडी लागलेली, दाराजवळची सीट रिकामी दिसली, टेकलो. माणसं भरली. घंटीची दोरी डोक्यावरच होती. हात गेला, डबल बेल दिली. ड्रायव्हर नवा पोरगा, मागे न बघता त्याने गाडी काढली. खरा कंडक्टर कँटीनमध्ये. तो बिचारा जीप करून मागून आला.
पुढे वि.ला फोन, डॉक्टर, आणि हे कुलूप. सगळ्यांचा एकच प्रश्न, रिटायर झालेलं तुम्हाला आठवत होतं का? सवयीने हात गेला, असं मी सांगतो. तेच खरं आहे. बहुतेक.
वि. म्हणाला, "महिनाभर काही घोळ न्हाई झाला तर किल्ली तुमच्याजवळ. बराबर?"
बराबर. मला काय, संध्याकाळी स्टँडवर एक चहा पाहिजे.

१५ नोव्हें.
काल नळ आला, गढूळ. आज टाकीचं थोडं पाणी बदललं. दुपारी बघतो तर तिघी तळाला, शंखाची दारं मिटून. काकडीला ढुंकून बघेनात.
ड्रमचं पाणी जिभेला लावलं. तुरट. यांच्यासाठी मी मुद्दाम वेगळा ड्रम ठेवलाय, बिनतुरटीचा. त्यातही कुणीतरी तुरटी फिरवली. या घरात तुरटी फिरवणारा मीच. ही होती तेव्हा ती फिरवायची, तिच्यामागे मी. काल फिरवली का? ड्रमात हात घातल्याचं आठवत नाही. न घातल्याचंही नाही.
भीती वाटली. आधी त्यांच्यासाठी, मग माझ्यासाठी.
वि. यायच्या आत टाकीवर टॉवेल टाकला. विचारलं तर म्हणालो, थंडी पडली, त्यांना लागते.

१६ नोव्हें.
शेखभाईला फोन केला. स्कूटरवर बोअरच्या पाण्याचे कॅन घेऊन आला. दाराला कुलूप, म्हणून कॅन गॅलरीच्या कठड्यावर ठेवून नळी खिडकीतून आत घेतली.
"तोंडाने ओढा मास्तर. डिझेल न्हाई ते, घाबरू नका."
टाकीतलं तुरट पाणी आधी बादलीत काढलं होतं. नवं येऊ लागलं. अंड्यांच्या खाली चार बोटं राहिली तशी मी काचेवर एक टिचकी मारली. बाहेर त्याने लगेच नळी दाबली. सिंगल बेल, म्हणजे थांब. एक शब्द बोलावा लागला नाही. फार दिवसांनी बरं वाटलं.
जाताना म्हणाला, "पोराला सांगून टाका ना."
"किल्ली जाईल."
"किल्ली आहे कुठं तुमच्याजवळ?"

१७ नोव्हें.
लहान दोघी बाहेर आल्या. पिवळी मिटूनच. हातात घेऊन वास घेतला. मेली असती तर घरभर कळलं असतं. वास नाही. आत आहे, येत नाही एवढंच.

१९ नोव्हें.
म.ने टॉवेल उचलून बघितलं. मी उभाच.
"बाबा, त्या दिवशी पाणी लई गढूळ होतं, म्हणून दोन्ही ड्रमात मी तुरटी फिरवली. त्यानं तर न्हाई झालं?"
म्हणजे मी नव्हतो. एवढं हलकं वाटलं की खुर्चीत बसलो. मग ती म्हणाली,
"तुम्हाला इचारलं होतं की. तुम्ही हो म्हणाल्ते."
हे बोलणं झाल्याचं मला काहीच आठवत नाही. कुठे उभी होती, हातात काय होतं, काही नाही.
"हो हो, विचारलं होतंस," म्हणालो.
ती बघत राहिली. रात्री जेवताना वि.समोर हा विषय काढेल म्हणून भरभर जेवलो. तिने नाही काढला.

२५ नोव्हें.
पिवळी बाहेर. शंखाची कड पांढरी पडलीय, पण काकडी खाल्ली.
आणि सकाळी अंड्यांचा घोस फुटलेला. मोहरीएवढी पिल्लं, काचेवरून पाण्यात उतरताहेत. नातीला फोन करताना आवाज जड झाला. ती म्हणाली, सर्दी झाली का आजोबा?

२७ नोव्हें.
वि. लवकर गेला. म. मागून. दार लागलं. कडी नाही, कुलूप नाही, ओढून बघणं नाही. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.
मग दार ढकललं. उघडलं.
विसरली असेल? तर विसरणारा मी एकटाच नाही. मुद्दाम उघडं ठेवलं असेल? तर मग तिने विचारलेलं मला आठवत नाही, हे तिला त्याच दिवशी कळलं, आणि तरीही ठेवलं.
सदरा घातला. चप्पल घातली. जिन्यापर्यंत गेलो आणि टाकीवर झाकण ठेवलं का ते आठवेना. परत आलो. होतं. वीटही होती. पुन्हा जिन्यापर्यंत गेलो. पुन्हा आलो.
आता चप्पल पायातच ठेवून हे लिहितोय. झाकण आहे. दार उघडं आहे. दोन्ही आत्ताच बघून आलो.