आतून शिवलेली खोली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तो कमरेपर्यंतच वाकलेला समजावा.) बंदरावरून टाकलेलं तुझं पत्र पोचलं. जहाजाच्या दवाखान्यात उलटीचं औषध देणारी नर्सच सगळ्यांत जास्त ओकते हे वाचून तुझी टिकली इतक्या मोठ्यांदा हसली की स्वतःच्याच हसण्याला दचकून तिने कान झाकले. आता तुझं पोट कसं आहे ते कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. काळजीचं कारण नाही. (हे वाक्य दोनदा लिहिलं की वाचणाऱ्याला हमखास काळजी लागते, म्हणून एकदाच लिहितो.)

निघताना तू मला दारात धरून जे बजावलं होतंस ते मी विसरलेलो नाही. शाळा उघडेल तेव्हा तुझी लेक वर्गात बसली पाहिजे, नाहीतर तू नोकरी सोडून परत येणार. मागच्या वर्षी शाळेच्या घंटेला ती बाकाखाली शिरली आणि सुटी होईपर्यंत बाहेर आली नाही, हे काही तुला मी सांगायला नको. तू देऊन गेलेले ते इअरमफ, कारखान्यातले लोक घालतात तसे, तिला पहिल्या दिवसापासून आवडले. त्यांना ती वाट्या म्हणते. मिक्सर लागला की वाट्या, खाली कचऱ्याची गाडी आली की वाट्या, फ्लश ओढायच्या आधी वाट्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मला एक कल्पना सुचली.

आता तुला माहीतच आहे, मी सोफे शिवणारा माणूस. फोम, काथ्या, रेग्झीन आणि दाभण यांच्या पलीकडे माझी बुद्धी सहसा जात नाही. मी म्हटलं, मुलीने दिवसभर डोक्यावर वाट्या का वागवायच्या? त्यापेक्षा खोलीलाच वाट्या घालू. तिच्या खोलीच्या चारही भिंतींना, दाराला, छतालाही मी जाड फोम चिकटवला, वर मऊ कापड ताणलं आणि बटणं मारली. पिना मारायच्या यंत्राचा आवाज तिला सोसत नाही, म्हणून सगळं हाताने शिवलं. (पाठ तेव्हाच धरली.) सुतार, म्हणजे ज्याच्याकडून मी सोफ्याचे सांगाडे घेतो तो, दार बसवायला आला आणि उंबऱ्यातच थबकला. म्हणाला, "मालक, हा तर आतून शिवलेला सोफा झाला. आता यावर बसणार कोण?" मी त्याला गिऱ्हाइकाला दाखवतो तसं हसून दाखवलं. हे त्याचं वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

खोली तयार झाल्यावर टिकली आत गेली, तिने वाट्या काढल्या, जमिनीवर पसरली आणि म्हणाली, "मामा, इथे कुणीच ओरडत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर ती बाहेर येईना. जेवण आत, खेळ आत, झोप आत. मी रोज तिच्याशेजारी जाऊन बसायचो. ताई, तशी शांतता तू कुठे अनुभवली नसशील. स्वतःचं रक्त कानात चालताना ऐकू यायचं, जुन्या फ्रिजसारखं. आठवडाभरात टिकलीला माझं घड्याळ सहन होईना. ते मी बाहेर ठेवलं. मग माझं गिळणं सहन होईना. एकदा मी नुसता तिच्याकडे बघत बसलो होतो तर म्हणाली, "मामा, पापण्या वाजवू नकोस ना." मी पापण्या न वाजवता बसायचा प्रयत्न केला. फार वेळ जमत नाही.

एका दुपारी ती एकदम ताठ झाली, बोट ओठांवर ठेवलं, आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीकडे मान करून म्हणाली, "आता गाडी येणार."

"तुला कसं कळलं?"

"तिने श्वास आत ओढला."

"कुणी?"

"भिंतीतल्या मुलीने. मोठा आवाज यायच्या आधी ती अशीच करते. मग गप्प बसते."

मी म्हटलं, पाण्याचा पाइप असेल. (मोठी माणसं जे म्हणतात तेच म्हटलं.) एवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली. फोममधूनही ती थरथर जाणवली. टिकलीने त्याआधीच वाट्या चढवल्या होत्या.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती तुझ्याही मनात येईल. त्या भिंतीतून पाइप जात नाही. पलीकडे शेजारी नाहीत. पलीकडे नुसता रस्ता आहे, आणि तोही तीन मजले खाली. मी भिंतीला कान लावून पाहिला. काही ऐकू आलं नाही. पण ताई, काही ऐकू न येणं आणि कुणीतरी आवाज न करणं यांत फरक असतो. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि मी पाय न वाजवता बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी टिकलीला कानांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. भिंतीचं काही बोललो नाही, फक्त खोलीचं वर्णन केलं, जरा अभिमानानेच. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही मुलीला सोफ्यात शिवून टाकलंत?" मग त्यांनी मला शाळकरी पोराला समजवावं तसं समजावलं. अंधारात राहिलं की डोळ्यांना दिवा टोचतो, तसंच कानांचं. दिवसभर शांतता दिली तर कान आणखी हळवे होतात. वाट्या फक्त मोठ्या आवाजापुरत्या, तो सरला की काढायच्या, आणि त्या सदैव तिच्याच ताब्यात. आवाज होणार हे तिला आधी सांगायचं. आणि जमतील तेवढे आवाज तिचे तिला करू द्यायचे, कारण आपण स्वतः केलेल्या आवाजाची भीती कमी वाटते. शेवटी विचारलं, "आधी सांगणारं आहे ना घरी कुणी?" टिकली म्हणाली, "आहे." बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तर खोली उसवायची ठरली. सुताराला मदतीला बोलावलं. तीन भिंती, छत आणि दार भरभर निघालं. चौथ्या, खिडकीच्या बाजूच्या भिंतीचा फोम आम्ही सोलून उलटा जमिनीवर ठेवला आणि दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

ताई, माझा जन्म फोममध्ये गेला. जुना सोफा उघडला की मी खड्डा बघून सांगतो: इथे जाड माणूस बसायचा, इथे म्हातारं माणूस एका कुशीवर, इथे कुत्रं. बसणारा उठून जातो, फोम त्याला विसरत नाही. त्या फोमवर खड्डा होता. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या लहान मुलाच्या पाठीचा. वर मागे टेकलेल्या डोक्याचा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन कोपरांचे, कान दाबून धरल्यावर कोपरं बाहेर येतात तसे. मी टिकलीला शेजारी बसवून पाहिलं. तिची पाठ त्या खड्ड्यापेक्षा मोठी निघाली. आणि तो खड्डा खोलीच्या बाजूने नव्हता. भिंतीच्या बाजूने होता, जिथे मी स्वतःच्या हाताने डिंक फासून फोम असा चिकटवला होता की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं.

सुतार हळूच म्हणाला, "मालक, बसणारं मिळालं." मग तो गेला. त्याचा रंधा, करवत आणि एक चप्पल अजून माझ्याकडे आहे. तो म्हणतो ठेवूनच घ्या.

टिकली मात्र अजिबात घाबरली नाही. ती खड्ड्याशेजारी उकिडवी बसली, दोन्ही कोपरांच्या खुणांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्याकडे वाट्या नाहीत, मामा. म्हणून हात लावून बसते." तेवढं बोलून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मिक्सर लावला. रिकामा. लावण्याआधी तिने मोठ्याने सांगितलं, "आता आवाज होणार आहे." मला नव्हे. खोलीच्या दिशेने.

त्यानंतर रोज हाच कार्यक्रम. फ्लश, मिक्सर, खुर्ची ओढणं. सगळं आधी जाहीर करून, कधी वाट्यांसकट, कधी वाट्यांवाचून. माझ्या दुकानात येऊन पिना मारायचं यंत्रसुद्धा तिने एकदा चालवलं. (माझी पँट सोफ्याला जोडली गेली. ते वेगळं पत्र होईल.) आणि शाळा उघडली त्या दिवशी ती गेली. वर्गशिक्षिकेशी मी आधीच बोललो होतो. घंटा व्हायच्या आधी त्या हात वर करतात, टिकली वाट्या चढवते, घंटा होते, टिकली वाट्या काढते. संपलं. बाकाखाली एकदाही गेली नाही. तेव्हा तू जहाजावरच राहा, नोकरी सोडायचं मनातही आणू नकोस, आणि लिंबू चोखत जा, त्याने उलटी थांबते म्हणतात.

तुझा आज्ञाधारक (मोठेपणी झालेला) भाऊ

ता. क. खोली आता साधी आहे. फोम फेकवला नाही, दुकानात उभा करून ठेवलाय. एरवी नव्या फोमचा एवढा खड्डा रात्रीत भरून येतो. हा येत नाही.

ता. क. शिक्षिका म्हणतात, मुलगी हुशार आहे, फक्त बाकावर अर्धी जागा सोडून बसते आणि तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. मध्यंतरी त्या आजारी होत्या. बदलीच्या शिक्षिकांना हात वर करायचं ठाऊक नव्हतं, तरी टिकलीने वाट्या वेळेवर चढवल्या. तेव्हा मूळ काम असं: ज्या दुकानातून तू या वाट्या घेतल्यास, तिथूनच आणखी एक जोडी पाठव. टिकलीच्या मापापेक्षा लहान. ती म्हणते, दोन्ही हात कानांवर असले की लिहिता येत नाही, आणि शेजारणीचा अभ्यास मागे पडतोय.

ता. क. हे पत्र मी दुकानात लिहितो आहे. आता पाकीट चिकटवणार, एवढ्यात मागे, फोम उभा केलाय तिथे, कुणीतरी श्वास आत ओढला. मी पेन टाकलं आणि कान दाबले. मग समोरच्या रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. तेव्हा एक नको, दोन जोड्या पाठव. दुसरी मोठ्या मापाची. माझे कान केवढे आहेत ते तुला माहीत आहे, लहानपणी तूच ओढून वाढवलेस.